तीनशे चाळीस ग्रॅम

"पाय मावतात का?" तंबूच्या बाहेरून मंजिरीबाईंनी विचारलं.

"मावतात."

"आणि डोकं?"

"डोकंही मावतंय. पण दोन्ही एकदम नाही मावत."

"म्हणजे हा नाही. या बाहेर."

मी रांगत बाहेर आलो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या दुकानाचा तो माळा होता. खाली सायकलीचं सामान, वर तंबू. मंजिरीबाई चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, स्वतः सायकलवर कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलेल्या. गिऱ्हाईकानं तंबू स्वतः उभा करायचा, आत पंधरा मिनिटं पडायचं आणि मगच हवा-नको सांगायचं, असा त्यांच्या दुकानाचा नियम होता. गादीच्या दुकानात मी गाद्या दाबून पाहिल्या आहेत, पण चप्पल काढून, खिशातली किल्ली बाजूला ठेवून दुकानात झोपायची माझी पहिलीच वेळ.

बाहेर आल्याबरोबर मी खिशातून माझा ताणकाटा काढला. मुठीत मावणारा, खाली आकडा असलेला. तंबूची पिशवी आकड्याला अडकवली.

"काका, वजन लिहिलंय की पिशवीवर."

"पिशवीवरचं वजन विकणाऱ्याचं असतं," मी म्हणालो. "हे बघा. लिहिलंय नऊशे नव्वद, भरलंय एक किलो ऐंशी. नव्वद ग्रॅम गेले कुठं?"

"खुंट्या धरलेल्या नाहीत त्यांनी."

"मग तंबू काय आशीर्वादावर उभा राहणार?"

बाईंनी पिशवी आकड्यावरून काढली. "तुम्ही करता काय, काका?"

"हुपरीला चांदीचा धंदा आहे."

"तरीच."

हे 'तरीच' मला नवं नव्हतं. आमच्या हुपरीत घरटी कुणी ना कुणी चांदीच्या कामात असतो. आम्ही कारागिराला कच्ची चांदी वजनानं देतो आणि तयार पैंजण वजनानं घेतो. मध्ये गाळताना, घासताना, जिल्हई देताना थोडी चांदी उडतेच. तिला घट म्हणतात, आणि ती आधीच धरलेली असते. मी तीस वर्षं हा धंदा केला आणि घट कमीत कमी धरण्यात नाव कमावलं. वजन केल्याशिवाय मी केळीसुद्धा घेत नाही. सायकलवर लांब जायला लागलो तेव्हा दात घासायच्या ब्रशची अर्धी दांडी करवतीनं कापून टाकली होती. सहा ग्रॅम वाचले.

दुसरा तंबू मोठा होता. आत उठून बसता येत होतं, समोर सामानाला पडवी होती. पण भरला एक किलो सहाशे चाळीस. बाईंनी तो लगेच गुंडाळला. त्यांनी मला ओळखलं होतं.

तिसरा हिरवा होता. "हा बघा, खुंट्या न ठोकता स्वतःच्या काड्यांवर उभा राहतो," त्या म्हणाल्या. "कातळावर, सिमेंटवर, देवळाच्या ओवरीत, कुठंही. नियम माहितीये ना? तुम्हीच लावायचा."

मी काडी जोडली, एका बाजूनं कापडाच्या बोळात सरकवली, पुरती आत गेली तसा गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो, "धर."

कुणी धरलं नाही. मी वर पाहिलं. पलीकडे रिकामी जमीन होती.

मंजिरीबाई पुढं झाल्या, त्यांनी काडीचं टोक धरलं, कडीत बसवलं आणि उभ्या राहिल्या.

"आधी कोण धरायचं?"

"होता एक जण."

"गेले?"

"छे हो. चांगला ठणठणीत आहे. रेंदाळला दूध संस्थेत फॅट काढतोय."

त्या दुसरी काडी हातात धरून बसल्या. मग मलाच बोलावं लागलं.

सुरगोंडा पाटील आणि मी शाळेपासूनचे. हुपरीहून रेंदाळ सायकलवर पंधरा मिनिटं. पंचेचाळिशीच्या आसपास आम्हा दोघांनाही लांब सायकल हाणायचं वेड लागलं आणि दरवर्षी डिसेंबरात आठ-दहा दिवस आम्ही निघायला लागलो. कधी गोकर्ण, कधी बदामी, कधी नुसतंच कारवारच्या अंगानं. अशी अकरा सालं. दोघांत एक तंबू, दोन माणसांचा. वाहून न्यायची वाटणी पहिल्या दिवशी ठरली ती कायम झाली: काड्या, खुंट्या आणि खाली अंथरायची ताडपत्री माझ्या पिशवीत, वरचं सगळं कापड त्याच्या.

सुरगोंडा माझ्या उलट. अंगानं थोराड, बोलायला ऐसपैस आणि सामान बांधायला बाईमाणसासारखा. त्याची पिशवी म्हणजे किराण्याचं दुकान. मी एक सदरा अंगात आणि एक पिशवीत ठेवणारा. हा दोन शाली आणायचा. एका माणसाला दोन शाली कशाला, हे मी दुसऱ्याच वर्षी विचारलं होतं. "असू दे लेका, थंडी कुणाला सांगून येती व्हय," म्हणाला. थंडी आली की त्यातली एक माझ्या अंगावर असायची, ही गोष्ट वेगळी. पण त्याची हौस त्यानं वाहावी. त्यात माझं काही म्हणणं नव्हतं. त्याच्याकडं तिळाचे लाडूही असायचे, आणि ते मात्र मी न मागता घ्यायचो. घरी आलो की त्रिशलाला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगायचो, "शोभावहिनींच्या हातचे लाडू खाल्ले. जरा शिकून घे त्यांच्याकडून." ती बरं म्हणायची.

अकराव्या साली आम्ही यल्लापूरच्या अंगानं चाललो होतो. तिसऱ्या दिवशी एका उतारावर माझा चष्मा नाकावरून उडाला आणि माझ्याच मागच्या चाकाखाली गेला. चष्म्याशिवाय मला रस्त्यावरचा खड्डा आणि म्हैस सारखेच दिसतात. आता एस.टी.त सायकल टाकून परत फिरावं लागणार, असं म्हणत मी कडेला बसलो. सुरगोंडानं पिशवीत हात घातला आणि डबीतून एक चष्मा काढला. तपकिरी फ्रेमचा, बेढब.

"बघ बसतोय का."

घातला तर सगळं लख्ख.

"कुणाचा रं हा?"

"बेळगावच्या मावसभावाचा. राहिला होता माझ्याकडं."

"माझाच नंबर आहे की त्याला."

"असतोय एकेकाचा," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

पाचव्या दिवशी सकाळी एका शाळेच्या पटांगणात तंबू गुंडाळताना मला ती बुद्धी झाली. हा ताणकाटा त्या वर्षी मी नवाच घेतला होता. सहज म्हणून माझ्या हिश्शाचं वजन केलं. काड्या चारशे ऐंशी, खुंट्या एकशे नव्वद, ताडपत्री सहाशे पन्नास. एकूण एक किलो तीनशे वीस. मग त्याचं कापड अडकवलं. नऊशे ऐंशी.

"सुरगोंडा," मी म्हणालो, "अकरा वर्षं मी तुझ्यापेक्षा तीनशे चाळीस ग्रॅम जास्त वाहतोय."

तो चहाचं भांडं पुसत होता. "बरं मग?"

"बरं मग काय? सामाईक आहे तंबू. निम्मं निम्मं पाहिजे."

"कापड दवानं भिजलं की माझं वजन वाढतंय. ते धर की."

"दव मी धरत नाही. ओला माल काट्यावर घेत नाहीत."

"आणि हा काटा कुणाच्या हिश्शात?"

"माझ्या. साठ ग्रॅम. ते मी अजून धरलेलेच नाहीत."

त्यानं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडं जरा वेळ बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, हिशेब पटला.

"एक काम कर भूपाल," तो म्हणाला, "पुढच्या साली एकाचा तंबू घे. म्हणजे वाटणीच नको."

"घेतो."

"घे."

परतीचे चार दिवस आम्ही पुढं-मागं चालवत आलो. जेवायला एका टेबलावर बसलो, पण मीठ मागायचं ते वेटरकडं. रेंदाळच्या फाट्यावर मी चष्मा काढून त्याच्या हँडलच्या पिशवीत ठेवला आणि म्हणालो, "मावसभावाला दे." तो "व्हय" म्हणाला. घरात माझा जुना चष्मा पडला होता, पण तिथून घरापर्यंतचे चार किलोमीटर मी सायकल ढकलत आलो.

त्याला अकरा महिने झाले होते. काड्या माझ्या माळ्यावर, कापड त्याच्या. तंबू ना त्याच्याकडं होता, ना माझ्याकडं.

हे सगळं मी मंजिरीबाईंना सांगितलं. चार मिनिटांत सांगितलं, आणि माझी बाजू नीट मांडून सांगितलं. मग हिरव्या तंबूत शिरून पंधरा मिनिटं पडलो. पाय मावले, डोकंही मावलं. कूस बदलताना कोपर मात्र कापडाला लागत होतं. तिथं नेहमी सुरगोंडाची पाठ असायची.

"काय ठरलं?" बाहेरून आवाज आला.

बाहेर येऊन मी वजन केलं. खुंट्यांसकट एक किलो दोनशे नव्वद.

"काका, एक विचारू? जोडीत जायचात तेव्हा तुमच्या पिशवीत तंबूचं वजन किती यायचं?"

"एक किलो तीनशे वीस."

"आणि आता एकट्याचं?"

"एक किलो दोनशे नव्वद."

"म्हणजे तीस ग्रॅम वाचले."

"वाचले की."

"छान," त्या म्हणाल्या. चेहरा अगदी गंभीर होता. "बांधू?"

"बांधा," मी म्हणालो. पण बांधून होईपर्यंत मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी पहाटे मी एकटा निघायचा होतो, गोकर्णला. शनिवारी दुपारी मी घरालगतच्या कारखान्यातला मोठा काटा मोकळा केला आणि त्यावर एकेक जिन्नस ठेवत वहीत मांडत गेलो. तंबू, अंथरूण, पंप, पंक्चरचं सामान, सदरा. एकूण आठ किलो सहाशे दहा. इतकं कमी आजवर कधी भरलं नव्हतं. मी ते दोनदा अधोरेखित केलं.

त्रिशला आतून आली. तिच्या हातात एक कापडी गाठोडं होतं, फुलाफुलांच्या जुन्या परकराचं. ते तिनं काट्यावर ठेवलं.

"हे काय?"

"तुमचं सामान."

"माझं सामान झालंय बांधून."

"ते तुम्ही बांधलेलं. हे मी बांधलेलं."

काट्यावर आकडा आला होता. एक किलो चारशे ऐंशी. मी म्हणालो, "त्रिशला, तुला माहितीये मी असलं काही नेत नाही."

"माहितीये की. पहिल्या साली मी दिलेलं तुम्ही ह्याच काट्यावर ठेवलंत, वजन बघितलंत आणि माझ्या हातात परत दिलंत. आणि आठव्या दिवशी तापानं फणफणून आलात."

"मग त्यानंतर दहा वर्षं नेलं का मी काही?"

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "सुरगोंडा भाऊजी न्यायचे."

मी काट्याकडंच बघत होतो.

"दर साली निघायच्या आदल्या दिवशी इथं यायचे, तुम्ही पेढीवर असताना. गाठोडं घेऊन जायचे आणि परत आलात की दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. गेल्या सालीसुद्धा आणून दिलं. मी म्हटलं, तुमचं वाजलंय म्हणं. म्हणाले, वाजलंय ते आमचं, गाठोडं तुमचं." तिनं गाठोडं काट्याच्या मधोमध सरकवलं. "आता तुम्ही एकटेच चाललाय म्हटल्यावर द्यायचं कुणाकडं? म्हणून म्हटलं, तुम्हीच न्या."

मी गाठ सोडली.

वर शाल होती. निळ्या काठांची, सुरगोंडाच्या दोनातली दुसरी. तिची घडी मी कितीतरी रात्री अंगावर उलगडली होती. खाली स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे. माझ्या पित्ताच्या आणि सर्दीच्या गोळ्या, चिठ्ठीवर केव्हा घ्यायच्या ते लिहून. एक स्टीलचा डबा. उघडला. तिळाचे लाडू.

"हे शोभावहिनींचे ना?"

"त्यांना तिळाचे लाडू जमत नाहीत," त्रिशला म्हणाली. "गेल्या संक्रांतीला माझ्याकडून शिकून गेल्या."

ती हसत नव्हती. दहा वर्षं मी तिला तिचेच लाडू शिकायला सांगत होतो आणि ती बरं म्हणत होती. इतका वेळ हसू दाबून ठेवलं की ते बहुतेक जिरतं.

सगळ्यात तळाशी चष्म्याची डबी होती. तपकिरी फ्रेम.

"बेळगावच्या मावसभावाचा," मी म्हणालो.

"कोण मावसभाऊ?"

"काही नाही."

"तुमच्या नंबरचा कागद देऊन करून घेतलाय. दोनदा काचा बदलल्या त्याच्या. फ्रेम जरा जाड घेतली, तुम्ही आदळाआपट करता म्हणून."

मी सवयीनं एकेक जिन्नस वेगळा तोलायला लागलो होतो. शाल पाचशे वीस. स्वेटर चारशे दहा. तिसऱ्यावर थांबलो. वहीतलं अधोरेखित केलेलं पान मिटलं. पोरीबाळींचे पैंजण घासून द्यायला आलेला एक कारागीर दारात ताटकळत उभा होता, त्याला म्हटलं, "उद्या ये." मग आठवलं, उद्या मी नाही. "किंवा परवा ये," म्हटलं. तो गोंधळून गेला.

"सहाच्या आत या," त्रिशला मागून म्हणाली. "दिवस मावळायच्या आत जेवायचं आहे तुम्हाला. आणि गाठोडं नीट बांधून न्या, लाडू सांडतील."

मी कुठं चाललोय हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

रेंदाळच्या दूध संस्थेत संध्याकाळचं दूध सुरू झालं होतं. बायका, गडी, म्हातारे किटल्या घेऊन ओळीत उभे. पुढं सुरगोंडा: एका हातानं दूध काट्यावर, दुसऱ्या हातानं नमुना यंत्रात, तोंडानं आकडा, आणि मध्ये प्रत्येकाच्या म्हशीची चौकशी. मी थेट पुढं गेलो.

त्यानं मान वर केली नाही. "नंबर लावा."

"मी आहे, भूपाल."

"दिसतंय. नंबर लाव."

ओळीतली एक आजी म्हणाली, "दूध कुठाय रं बाबा तुझं?" कुणीतरी फिसकन हसलं. मी शेवटी जाऊन उभा राहिलो. चांदीचा व्यापारी, हातात परकराचं गाठोडं. ओळ हळूहळू सरकत होती आणि प्रत्येक जण पुढं जाताना माझ्याकडं वळून बघत होता. पुढच्या मामांनी तर गाठोड्याला हात लावून पाहिलं.

माझी पाळी आली. मी गाठोडं त्याच्या काट्यावर ठेवलं.

त्यानं आकडा बघितला नाही. "दीड किलो," म्हणाला.

"एक किलो चारशे ऐंशी."

"हा दुधाचा काटा आहे. वीस ग्रॅम इकडंतिकडं चालतंय इथं."

"तुला माहीत होतं वजन?"

"अकरा वर्षं तुझ्याबरोबर हिंडलो," सुरगोंडा म्हणाला. "वजन केल्याशिवाय राहीन व्हय? पहिल्यांदा नेलं तेव्हा किलोभर होतं. मग वहिनींनी स्वेटर घातला. मग मोजे. तुझं वय वाढलं तसं वाढत गेलं."

"मग त्या दिवशी पटांगणात बोलला का नाहीस?"

"वहिनींना शब्द दिला होता."

"तरी पण. मी तीनशे चाळीस ग्रॅमसाठी भांडतोय आणि तू..."

"आलं होतं तोंडात. व्हय, आलं होतं." त्यानं फॅटचं यंत्र पुसायला घेतलं. आता तो माझ्याकडं बघत नव्हता. "पण तू समोर काटा धरून उभा. नाकावर तो तपकिरी चष्मा. माझ्या पिशवीतला. त्याच्यातनं तू आकडा वाचत होतास, तीनशे चाळीस, आणि मला मोठ्यानं सांगत होतास. मला एकदम हसू यायला लागलं. आणि हसलो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं."

मला वाटलं होतं, हिशेब पटला म्हणून त्यानं तोंड मिटलं.

मागं कुणी नव्हतं. म्हातारी किटली घेऊन दारात थांबली होती, नुसती ऐकायला. बाहेर ऊन पिवळं झालं होतं.

"सुरगोंडा, मी एकाचा तंबू घेतलाय," मी म्हणालो.

"कळलंय. वहिनी बोलल्या. कसा आहे?"

"बरा आहे. पाय मावतात. लावताना पलीकडं कुणी लागतं."

"मग एकाचा कसला तो?"

मी गाठोडं उचलून परत काट्यावर जरा पुढं सरकवलं. "हे घेऊन ये. उद्या पहाटे साडेपाचला फाट्यावर."

"आणि कापड?"

"तेही आण."

"काड्या?"

"माझ्याकडं आहेत. बरोबर ज्याच्याकडं असतात त्याच्याकडंच आहेत."

"तीनशे चाळीस ग्रॅम जास्त होतील तुला."

"घट धरतो," मी म्हणालो.

सुरगोंडानं गाठोडं उचललं, पाठीमागच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं. भूपाल, हुपरी. दीड किलो. फॅटच्या रकान्यात रेघ.

"आजी," तो दाराकडं बघून म्हणाला, "झालं आता. जा घरला."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तो हिरवा तंबू मी परत केला नाही. सुरगोंडा घोरतो, ही गोष्ट मी अकरा वर्षं सहन केली होती आणि त्याचं वजन कुठल्याच काट्यावर मांडलेलं नव्हतं. आता मुक्कामाला दोन तंबू लागतात. आधी तो माझ्या तंबूचं टोक धरतो, मग मी त्याच्या तंबूचं. मग मी एकाच्या तंबूत अंग आखडून झोपतो आणि तो दोघांच्या तंबूत एकटा, हातपाय पसरून. दोघांच्या तंबूच्या काड्या, खुंट्या आणि ताडपत्री अजून माझ्याच पिशवीत असतात, आणि वर माझा तंबू. दोन किलो सहाशे दहा. हा आकडा मी कुठं लिहून ठेवलेला नाही. पाठ आहे.

गाठोडं सुरगोंडाच्या पिशवीत असतं. मला सगळं माहीत आहे, हे त्रिशलाला माहीत आहे. तरी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती मला पेढीवर पाठवते आणि मी जातो. परत आलो की तिच्यासमोर शोभावहिनींच्या लाडवांची तारीफ करतो. ती बरं म्हणते.

डोळ्यांचा नंबर मात्र दर दोन वर्षांनी बदलतो. बदलला की मी दोन चष्मे करतो. एक माझा, आणि दुसरा जाड तपकिरी फ्रेमचा, बेळगावच्या मावसभावाचा.